ऑफर लेटर आलं, मेडिकलला वजनावर अडलं. वजन बघून नोकरी देणं बरोबर आहे का?

निळाई
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अकाउंट्समध्ये आहे, अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका मोठ्या कंपनीत तीन राउंड झाले, एक्सेलवर दीड तासाची टेस्ट झाली, त्यात त्यांनी मुद्दाम घोळ घातलेलं रिकन्सिलिएशन दिलं होतं ते मी जुळवून दिलं, आणि ऑफर लेटर आलं. मग एचआरचा फोन, मेडिकल करून घ्या, फक्त फॉर्मॅलिटी आहे. गेले. काटा पॅसेजमध्येच होता, रांगेत माझ्यामागे आणखी सहा-सात जण, सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला आणि समोरच्या टेबलावरच्या मुलाने तो मोठ्यानेच परत म्हणत लिहून घेतला. ८१ किलो. उंची १५८. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं नॉर्मल आलं. फॉर्मच्या तळाशी तीन चौकोन होते, फिट, तात्पुरते अनफिट, अनफिट. माझ्या मधल्या चौकोनात टिक आणि कारणाच्या रकान्यात एवढंच, बीएमआय ३२.४. म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.

एचआर म्हणाल्या तीन महिन्यांत दहा किलो कमी करून या, जागा तोवर राहील असं सांगता येत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात आणि त्या वेगवेगळ्या आहेत असं मला वाटतं. एक, नुसतं वजन जास्त असणं हा आजार आहे का, बाकी सगळं नॉर्मल असताना? दोन, समजा आहे, तरी खुर्चीत बसून हिशोब जुळवण्याच्या नोकरीशी त्याचा काय संबंध? मी चिडून लिहीत नाहीये, म्हणजे चिडलेय, पण मला खरंच समजून घ्यायचंय.

सरळरेघ
अगं वाईट झालं हे. आधी सांग, जुन्या ठिकाणी राजीनामा दिला नाहीस ना?

निळाई
नाही, टाइप करून ठेवला होता. पाठवला नव्हता.

उत्तरमेघ
निळाई, असे फॉर्म मी स्वतः वीस वर्षं भरतोय, कारखान्यांसाठी, ऑफिसांसाठी, ड्रायव्हर लोकांसाठी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि पहिली बाजू कदाचित तुम्हाला आवडणार नाही.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काळजीचं कारण नाही, असं नसतं. ब्रिटनमधल्या साधारण ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास आला, त्यात ज्यांचा बीएमआय ३० च्या वर, म्हणजे लठ्ठ गटात, पण शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल काही बिघडलेलं नाही असे लोक वेगळे काढले होते. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातसुद्धा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार नॉर्मल वजनाच्या निरोगी लोकांच्या मानाने जवळपास दीडपट दिसला. चरबी म्हणजे शरीरात नुसती साठवून ठेवलेली वस्तू नाही, विशेषतः पोटाच्या आत, लिव्हरभोवती जी साठते ती सतत काही ना काही रक्तात सोडत असते, त्यातून इन्शुलिन नीट काम करेनासं होतं, सूज राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली १३ प्रकारचे कॅन्सर जादा चरबीशी जोडलेले असल्याचं मान्य केलंय. गुडघ्यांचं तर रोज ओपीडीत बघतो, वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण जाडेपणाचं काही नसतं, लोक उगाच बोलतात असं जे हल्ली ऐकू येतं ते मला डॉक्टर म्हणून मान्य नाही.

आता दुसरी बाजू. बीएमआय हा आकडा कुठून आला ते बघा. बेल्जियमचा केटले नावाचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, त्याने १८३० च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो हे मोजायला हे सूत्र मांडलं. त्याच्यासमोर पेशंट नव्हताच. १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज या शास्त्रज्ञाने पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं घेऊन याच सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. पुरुषांची, बायका त्यात नव्हत्या. हा आकडा हजारो लोकांचा कल सांगायला चांगला आहे, एका माणसाबद्दल तो फार कमी सांगतो. चरबी किती, स्नायू किती, चरबी पोटात की मांड्यांवर, यातलं काहीच त्याला कळत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ साली हेच म्हटलं, की नुसत्या बीएमआयवर विसंबू नका. आणि जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय समूहाच्या एका नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने लठ्ठपणाचे सरळ दोन भाग केले, एक म्हणजे चरबी जास्त आहे पण अजून कुठलंही इंद्रिय बिघडलेलं नाही, आणि दुसरा म्हणजे बिघाड सुरू झालेला आहे. पहिल्यात जोखीम आहे, दुसरा म्हणजे आजार. तुमच्या पहिल्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

आणि तुमच्या फॉर्मबद्दल. त्या फॉर्मवर फिट या शब्दाचा अर्थ एवढाच, की हे ठरावीक काम हा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका न होता करू शकतो का. साठाव्या वर्षी काय होईल हा प्रश्न त्या कागदावर नसतोच. ज्याने टिक केली त्याने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलंय.

एक विचारू का, घोरता का? दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का?

पारवा
मालकाच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. माझं चाळीस माणसांचं युनिट आहे. मला एका जागेवर एकच माणूस परवडतो, तो आठवडाभर नाही आला की माल निघत नाही आणि मग बाकीच्यांच्या पगाराचं टेन्शन मला येतं. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता दर वर्षी मागच्या वर्षीच्या क्लेमवरून ठरतो. वजन जास्त असलेल्या लोकांच्या आजारपणाच्या रजा सरासरीने जास्त असतात हे खोटं आहे का? डॉक्टरसाहेबांनीच वर जोखीम सांगितली. मग समोर दोन सारखेच उमेदवार असतील तर मी कमी जोखमीचा घेतला तर अन्याय कसा? मी कुणाचा अपमान करत नाहीये, कुणाला हिणवतही नाही, पण पैसे माझे आहेत.

निळाई
पारवा, अकरा वर्षांतल्या माझ्या आजारपणाच्या रजा मोजून सांगते, एकूण चौदा दिवस, त्यातले नऊ एका ऑपरेशनचे, अपेंडिक्स. माझ्या आत्ताच्या ऑफिसातून हे कुणीही विचारून घेऊ शकतं. त्यांनी विचारलं नाही. माझा खरा रेकॉर्ड एका फोनवर मिळत असताना लाखो अनोळखी लोकांची सरासरी माझ्या नावापुढे का लिहायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

@उत्तरमेघ, हो घोरते. दुपारी डोळा लागतो असं नाही पण जड होतात डोळे, मला वाटायचं स्क्रीनमुळे.

तिसरीघंटा
मी आयुष्यात कधी ६० किलोच्या वर गेलो नाही, उंची १७२. प्रत्येक मेडिकलमध्ये फिट. सदतिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला, तोही पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून तपासलं तेव्हा. इतकी वर्षं कुणी शुगर बघायचा आग्रहच केला नाही, मी बारीक म्हणून.

पुण्याचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघंच शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून बघून कळतच नाही. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो होतो. पारवा, तुमच्या हिशोबात मी कमी जोखमीचा उमेदवार. माझ्या मागच्या तीन वर्षांतल्या रजा निळाईताईंपेक्षा खूप जास्त आहेत.

सरळरेघ
हा मुद्दा पटला. वजन हे डोळ्यांना दिसतं म्हणून सोपं वाटतं मोजायला, बाकी किती गोष्टी दिसत नाहीत, सिगारेट, झोप, टेन्शन, घराण्यात काय आहे ते.

शिडीवाला
मी अग्निशमन दलात ट्रेनिंग बघतो, म्हणून थोडं लिहितो. आमच्याकडे अंग चालणं हाच कामाचा अर्धा भाग, त्यामुळे वजनाचा नियम हवाच असं लोकांना वाटतं. मला आधी वाटायचं. आता नाही वाटत.

अमेरिका-कॅनडात बऱ्याच ठिकाणी भरतीला सीपॅट नावाची चाचणी असते. त्यात उमेदवाराचं वजन कुणी विचारत नाही. अंगावर सुमारे साडेबावीस किलोचं जाकीट चढवतात, सुरुवातीच्या जिन्याच्या टप्प्याला खांद्यावर आणखी अकरा-साडेअकरा किलो, आणि त्या सगळ्यासकट फिरता जिना तीन मिनिटं न थांबता चढायचा, मिनिटाला ६० पायऱ्या. त्यानंतर होज ओढणं, अवजारं उचलून नेणं, शिडी उभी करणं, घण मारून दार फोडल्यासारखं करणं, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जाणं, पाऊणशे किलोचा पुतळा ओढत नेणं, शेवटी काठीच्या हुकाने छत उसकटणं. असे आठ टप्पे, १० मिनिटं २० सेकंदांत. झालं तर पास, नाही तर परत या.

माझ्या बॅचमधला एक मुलगा, तक्त्याप्रमाणे सरळ सरळ लठ्ठ. बेशुद्ध माणूस ओढण्याच्या सरावात, पुतळ्याच्या काखेखालून हात घालून दोन्ही मनगटं पकडायची आणि उलटं चालत मागे जायचं, त्यात सगळ्यात आधी तोच पोचायचा, कारण मागे झुकला की त्याचं स्वतःचंच वजन कामाला यायचं. जिन्यावर मात्र तो धापा टाकायचा, पहिल्या दोन वेळा बादही झाला, तिसऱ्यांदा पास. बारीक दोन मुलं जिन्यावर पळाली आणि पुतळा त्यांच्याने जागचा हलला नाही. काट्यावरून यातलं काय कळलं असतं?

जिथे वजनाचा खराखुरा संबंध आहे तिथे तो किलोत लिहिलेला असतो, बीएमआयमध्ये नाही. शिडीवर कमाल भार छापलेला असतो, युरोपच्या प्रमाणाप्रमाणे १५० किलो, आणि त्यात माणूस, कपडे, हातातलं अवजार सगळं आलं. अंगाला बांधायच्या दोरांनाही तशीच मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेरच्या माणसाला वर चढवू नये, यात कुणाचाच अपमान नाही. पण तो नियम सहा फुटी पिळदार माणसालाही तेवढाच लागू.

पारवा
शिडीवाला, हे वाचून आमचाच भरतीचा कागद काढून बघितला. पॅकिंगच्या पोस्टला १५ किलोचा बॉक्स दिवसभर उचलायचा असतो. त्या कागदावर उंची आहे, वजन आहे, बॉक्स उचलता येतो का हे कुठेच नाही. कुणीतरी कधीतरी दुसरीकडून आणलेला फॉर्म आहे हा, मी बारा वर्षं सही करतोय. ही चूक आमची, मान्य.

इन्शुरन्सचा प्रश्न मात्र माझ्यासाठी अजून तिथेच आहे. खर्च खरा असतो, तो कुणीतरी भरतोच.

उत्तरमेघ
पारवा, खर्च खरा आहे, मी नाही म्हणणार नाही. पण हा न्याय लावायचा तर तंबाखू, वय, आईवडिलांचा डायबेटिस, बाळंतपण, सगळंच रांगेत उभं राहील, आणि शेवटी नोकरीला ठेवण्यासारखं कुणी उरणार नाही. शिवाय कामामुळे वजन वाढतं हेही धरा की. रात्रपाळ्या, बारा-बारा तास खुर्ची, जेवायची वेळ नाही.

जुनंपान
यावरून लंडनच्या बसचं आठवलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही, थोडं अवांतर वाटेल. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. बसून राहण्याच्या धोक्याबद्दल आपण आज जे बोलतो त्याची सुरुवात इथून म्हणतात.

पण तेच लोक १९५६ साली परत आले आणि या वेळी त्यांनी युनिफॉर्मच्या पँटींची मापं तपासली, शिवून द्यायची म्हणून कंबर नोंदलेली असायची ना, ती. तर ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच मोठी होती, अगदी तरुण वयात, नोकरीत नवे असतानासुद्धा. म्हणजे नोकरीने माणूस जाड केला की जाड माणूस त्या नोकरीकडे वळला, हा गुंता त्यांनी स्वतःच स्वतःच्या निष्कर्षावर उभा केला. मला त्यांच्या या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटतं. इतक्या वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ एवढे सावध होते आणि आपण एका रकान्यात ३२.४ लिहून मोकळे होतो.

पुनश्च
सगळे प्रतिसाद वाचले. तीन महिन्यांत दहा किलो या वाक्यावर अडकले, म्हणून लिहितेय.

मी ९४ वरून ७० वर आले होते, चौदा महिन्यांत. लोकांनी फोटो मागितले, ऑफिसात टाळ्या वाजल्या. त्या दिवसांत माझ्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार नव्हता, रात्री दोनला जागी होऊन उद्या काय खायचं ते वहीत लिहायचे. आज ८८ आहे. तेच लोक आता काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. मला वाटायचं माझीच जिद्द कमी पडली. मग अमेरिकेतल्या वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं तो २०१६ चा अभ्यास वाचला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं आणि स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर त्यांच्या मापाच्या माणसाने जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही. ते वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू.

वजन कमी करू नये असं मी म्हणत नाहीये. माझे गुडघे ७० ला दुखत नव्हते, ८८ ला दुखतात, ते मला कुणी शिकवायला नको. पण नोकरीच्या टांगत्या तलवारीखाली तीन महिन्यांत दहा किलो काढले तर ते कसे काढले जातात आणि किती टिकतात हे मी भोगलंय. निळाई, तू प्लीज उपाशी राहू नकोस.

उत्तरमेघ
पुनश्च यांच्याशी सहमत. अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, २००२ साली निकाल आले. त्यांचं लक्ष्य होतं वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे. तेवढ्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं. ८१ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो, तेही सावकाश. तेवढं करूनही बीएमआय ३० च्या किंचित वर राहील, म्हणजे तब्येतीला भरपूर फायदा आणि त्या रकान्यात तरीही अनफिट.

कलमदान
कायद्याचं थोडं. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९७६ सालीच नोकरीत वजनावरून भेदभाव करायला बंदी केली. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये केली, त्यात सवलत आहे, जिथे वजनामुळे कामाचा मूळ भागच करता येणार नाही आणि दुसरा मार्गही नाही तिथे. युरोपच्या न्यायालयासमोर २०१४ साली डेन्मार्कमधल्या एका मुलं सांभाळणाऱ्या माणसाचं प्रकरण आलं होतं, तिथे असं ठरलं की लठ्ठपणावरून भेदभाव करायला सरसकट वेगळी बंदी नाही, पण त्यामुळे दीर्घकाळ कामात अडचण येत असेल तर ते अपंगत्वाच्या संरक्षणात बसू शकतं. म्हणजे गंमत बघा, अडचण झालेल्या माणसाला संरक्षण, आणि निळाईंसारख्या काहीच अडचण नसलेल्या माणसाला नाही. जगात बहुतेक ठिकाणी याबद्दल वेगळा स्पष्ट कायदाच नाही.

विमान कंपन्यांचंही बघा. भारतात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ साली केबिन क्रूला बीएमआयच्या मर्यादा घातल्या, पुरुषांना १८ ते २५, बायकांना १८ ते २२. विमान तेच, दार तेच, आणीबाणीत ९० सेकंदांत रिकामं करता यावं ही अटही तीच. मग ३ चा फरक कशासाठी? सुरक्षेचं कारण असतं तर ते दोघांना सारखंच लागू झालं असतं.

निळाई, भांडायच्या आधी लेखी विचार. फॉर्मवरचा हा निकष पोस्टच्या कुठल्या कामाशी जोडलाय ते लेखी मागायचं, एवढंच.

निळाई
सगळ्यांचे आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. आज सकाळी मेल पाठवला, तीन ओळींचा. माझ्या पोस्टच्या जॉब डिस्क्रिप्शनमधल्या सात मुद्द्यांपैकी कुठला मुद्दा बीएमआय ३२.४ असलेल्या व्यक्तीला करता येत नाही ते कृपया कळवावे. शेवटच्या पाच वर्षांचा हजेरीचा उतारा जोडतेय. आणि काटा पॅसेजमधून आत एखाद्या खोलीत हलवावा, माझ्यामागे उभी असलेली मुलगी आकडा ऐकून रांगेतून निघून गेली होती, ही तिसरी ओळ.

उत्तर आलं की इथे टाकते. पारवा, तुमचा नवीन फॉर्म झाला की त्यातला बॉक्सचा भाग कसा लिहिलात ते टाका प्लीज, मला दाखवायला उपयोग होईल.

पारवा
टाकतो. फोरमनला बसवून लिहितोय, किती उंचीवरून उचलायचा आणि तासाला किती, हे त्यालाच नीट माहितीये.

उत्तरमेघ
निळाई, घोरण्याचं राहिलं. गळा जाड असेल तर झोपेत श्वासाची वाट अडू शकते, म्हणून टेपने गळ्याचा घेर मोजा आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का ते घरात कुणाला तरी विचारा.

निळाई
४१ सेंटीमीटर. बहिणीला विचारलं तर म्हणाली हो, कधी कधी मध्येच थांबतेस आणि मग एकदम दचकल्यासारखा श्वास घेतेस, मी सांगणार होते पण तुला वजनावरून बोलल्यासारखं वाटेल म्हणून गप्प बसले. कमरेचाही घेर मोजला, ९३, उंचीच्या निम्मे म्हणजे ७९ हवा होता ना. स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो ते बघायच्या तपासणीची, तारीख घेतलीये, पुढचा मंगळवार. तो रिपोर्ट माझ्यासाठी काढतेय, कंपनीला देणार नाही.